इतिहासाची तोंडी परीक्षा : एकाच मुलीला २१ आणि १३. गुण द्यायचे कसे?

मासुंदा_काठी
बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी ठाण्यात एका कॉलेजात इतिहास शिकवते. (कॉलेज कुठलं ते विचारू नका, ओळखलंत तर इथे लिहू नका.) यंदा टीवायच्या मुलांची लेखी असाइनमेंट बंद करून २५ गुणांची तोंडी घेतली. कारण उघड आहे. गेल्या सत्रात गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त मुलांची सुरुवात 'साष्टीची मोहीम ही केवळ एक लष्करी घटना नव्हती' अशीच. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही, आणि वर्गात त्यातल्या कुणालाही 'साष्टी म्हणजे आजचं काय' (ठाणं आणि मुंबईची उपनगरं ज्या बेटावर आहेत ते) विचारलं तर आढ्याकडे बघणार. समोर बसवून विचारू, मग कळेल, असं ठरलं.

बसवलं. परीक्षक दोघे, गुण स्वतंत्र लिहायचे आणि मग सरासरी काढायची. बहुतेकांच्या बाबतीत दोन-तीन गुणांचा फरक पडला. एका मुलीला मात्र मी २१ दिले आणि सहकारी सरांनी १३.

प्रश्न होता, इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला कधी आणि का घेतला. तिचं उत्तर आठवेल तसं देते:

"सतराशे चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर. पुन्यात भांडान चाललेला ना म्याडम, नारायणरावाचा खून झालेला, राघोबादादा एकीकडं, बारभाई एकीकडं. मग इकडं बघनार कोन? आनि मुंबई तेव्हा काय, नुसती बेटं. तांदूळ साष्टीतून येनार. खाडीतून जायचं-यायचं तर किल्ल्याच्या नाकासमोरून. पोर्तुगीज पन टपलेले परत घ्यायला. मग राघोबानी सुरतेला तह केला, साष्टी देतो बोलला, आनि इंग्रजांनी येऊन किल्ला घेतला."

शेवटचं वाक्य चूक आहे. किल्ला पडला डिसेंबर १७७४ मध्ये, सुरतेचा तह मार्च १७७५ चा. सरांचं म्हणणं, घटनाक्रमच उलटा सांगितलाय, बोलणं विस्कळीत, १३ सुद्धा पुष्कळ झाले. माझं म्हणणं, खाडी आणि तांदूळ गाइडमध्ये नाहीत. पोरगी डोक्यात नकाशा घेऊन बोलत होती. तिच्या आधीच्या मुलाने सगळी सालं घडाघडा म्हटली, 'का' विचारल्यावर 'साम्राज्यविस्तारासाठी' एवढं बोलून गप्प. त्याला आम्ही दोघांनीही १८ दिले!

माणशी आठ मिनिटं मिळतात. तुम्ही तिला किती दिले असते आणि कशाच्या जोरावर? परीक्षक, विद्यार्थी, पालक, सगळ्यांनी लिहा.

तिरपागडे
रुमाल टाकून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार.

जुना_खडू
१३. फार तर १४.
ताई, रागावू नका. निवृत्त होईपर्यंत हेच काम केलं आहे. 'सालं पाठ करणं म्हणजे इतिहास नव्हे' हे वाक्य मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकलंय की त्याचंच साल आता पाठ झालंय. पण इथे प्रश्न सालाचा नाही, आधी काय आणि नंतर काय याचा आहे. तह आधी झाला असता तर इंग्रज कराराने मिळालेली जागा ताब्यात घ्यायला आले असं होईल. प्रत्यक्षात त्यांनी आधी तोफा लावून किल्ला घेतला आणि राघोबादादांकडून नंतर कागदावर लिहून घेतलं. इंग्रजांशी झालेल्या सालबाईच्या तहात, १७८२ मध्ये, पुण्याने बाकी बरंच परत मिळवलं पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली, ती का हे समजायचं तर हा क्रम पक्का हवा. तुमच्या विद्यार्थिनीने एका वाक्यात आक्रमणाचा व्यवहार करून टाकला.

दिव्याची_लोकल
बापरे, खडूसर, तुमच्यासमोर तोंडी द्यायची वेळ आली नाही म्हणून कोपिनेश्वराला नारळ फोडतो.

मासुंदा_काठी
@जुना_खडू, क्रमाचा मुद्दा मान्य. पण तिला 'आधी किल्ला की आधी तह' असं कुणी विचारलंच नाही. आठ मिनिटं संपली आणि पुढची मुलगी दारात उभी. विचारलं असतं आणि तिने दुरुस्त केलं असतं तर तुम्ही किती दिले असते?

जुना_खडू
१९.

नेरुळचा_बाप
म्हणजे सहा गुण परीक्षकाने प्रश्न विचारला की नाही यावर? हे वाचून माझ्या जखमेवरची खपली निघाली. माझ्या मुलाला इंटर्नलला १२. का, तर उत्तर नाही. लेखी असतं तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली असती, पुनर्मूल्यांकनाला टाकलं असतं. तोंडीत काय मागवणार, हवा? वर्गातल्या ज्या मुलांचं सरांबरोबर चहापाणी होतं त्यांना २२-२३. कॉलेजचं नाव घेत नाही, पण खाडीच्या या बाजूला आहे.

सदाफुली
+१. तोंडी परीक्षा म्हणजे वशिल्याचं कुरण.

एक्सेलशीट
मी इतिहासवाला नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका कारखान्यात क्वालिटी बघतो. आमच्याकडे नवीन मायक्रोमीटर आला की लगेच माल मोजायला घेत नाही. तोच तुकडा दोन ऑपरेटरना दोन-तीनदा मोजायला देतात, एकाला न सांगता की दुसऱ्याने किती लिहिलं. माणसागणिक आकडा बदलत असेल तर तुकड्यावर चर्चा करत नाही, मापावर करतो. तुमचं भांडण तुकड्यावर चाललंय.

करायचं काय? चार-पाच मुलांची परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा. परीक्षेआधी विभागातल्या सगळ्यांनी ते ऐकून एकमेकांना न विचारता गुण लिहा. मग कागद उघडा. १३-२१ चा फरक तिथेच दिसेल, आणि 'क्रम चुकला तर किती कापायचे' हे भांडण मुलांच्या जिवावर न होता आधी होईल.

आणि दुसरं. १९२० मध्ये थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले शेरे तपासले. बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व वगैरेंना वेगवेगळे गुण द्यायचे होते. सगळे एकमेकांना चिकटून वरखाली होत होते. माणूस एकंदरीत बरा वाटला की सगळ्याच रकान्यांत बरा. तोंडीत हे दहापट होत असणार. पहिल्या वाक्याला मूल 'गुड मॉर्निंग सर' झोकात म्हणालं की पुढचं सगळं गोड लागतं.

तिरपागडे
एक्सेलशीट, आमच्या वेळी माप एकच होतं. सरांचा डबा झाला असेल तर पास.

आगरी_बाणा
धाग्यातलं एक वाक्य सगळ्यांनी सोयीस्कर सोडून दिलंय. सरांना 'बोलणं विस्कळीत' वाटलं. तिने 'पुन्यात' आणि 'कोन' ऐवजी 'पुण्यात' आणि 'कोण' म्हटलं असतं तर विस्कळीत वाटलं असतं का? मुद्दे मोजा. पेशव्यांच्या घरातलं भांडण, मुंबईची अन्नाची गरज, खाडीची वाट, पोर्तुगीजांची भीती. चार कारणं, एका दमात. माझी बहीण उलव्यावरून कॉलेजला जायची, तोंडीच्या आदल्या रात्री आरशासमोर 'ण' आणि 'ळ' घोकत बसायची. मुद्दे नाही, 'ण' आणि 'ळ'.

जुना_खडू
@आगरी_बाणा, हा बाण लागला. उच्चाराचे गुण कापणं गैर आहे, आणि मी तरी कापत नाही. पण विस्कळीत आणि बोली या वेगळ्या गोष्टी आहेत. कारणांपैकी मुख्य कोणतं, दुय्यम कोणतं हे तिने सांगितलं नाही, नुसती माळ ओवली.

आगरी_बाणा
तेही तिला कुणी विचारलं नाही, सर.

घोडबंदरी
खडूसर ०, बाणा १. बिस्किटं आणून बसलोय.

बोलोन्यातून
मूळची मी कळव्याची, सध्या इटलीत पीएचडी करतेय. इथे बहुतेक परीक्षा तोंडीच असतात, इतिहासाची तर हमखास. गुण ३० पैकी, १८ ला पास, फारच उत्तम असेल तर ३० च्या वर शाबासकीचा शेरा. मला सुरुवातीला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. परीक्षा उघड्या दाराने चालते. बाकीची मुलं मागे बसून ऐकतात, वह्यांत टिपून घेतात. प्राध्यापकाने कुणाला काय विचारलं आणि किती दिले ते सगळ्यांदेखत. आणि मिळालेले गुण पटले नाहीत तर मुलगा ते नाकारू शकतो, पुढच्या वेळी परत येतो.

नेरुळच्या काकांना म्हणायचंय ते चहापाणी तिथे होतच नाही असं नाही, पण वीस जणांसमोर गप्प बसलेल्याला ३० देणं जरा अवघड जातं. जर्मनीतल्या मैत्रिणीकडे दुसरी पद्धत. तिथे परीक्षकाशेजारी आणखी एक जण बसतो, त्याचं मुख्य काम कुठला प्रश्न विचारला, काय उत्तर आलं ते लिहून घेणं. नंतर तक्रार झाली तर तो कागद असतो.

नेरुळचा_बाप
ही लिहून घेणाऱ्याची कल्पना मला आवडली. आपल्याकडे दुसरा परीक्षक मोबाइलवर असतो.

अडखळ
मी बोलताना अडखळतो. लहानपणापासून. 'उघड्या दाराने, वीस जणांसमोर' हे वाचूनच तळहाताला घाम आला. माझ्या तोंडीत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, चिमाजी अप्पांनी वसई कधी घेतली. मला १७३९ माहीत होतं. 'स' माझा सगळ्यात वाईट. 'सतराशे' मधल्या 'स' वर मी अडकलो, ते म्हणाले, आठवत नाही का? बरं, पुढचा प्रश्न. वसईवर मी पाच मिनिटं बोललो असतो. १७३७ मध्ये ठाणे आधी का घ्यावं लागलं, वसईला वेढा इतका का लांबला, सगळं तयार होतं.

म्हणून लेखी हवीच असं म्हणत नाही. लेखीत माझं अक्षर वाईट. एवढंच, की गप्प बसलेला माणूस आणि न येणारा माणूस यांत फरक करायला परीक्षकाला दहा सेकंद थांबावं लागतं. कागद-पेन समोर ठेवला असता तरी मी साल लिहून दाखवलं असतं.

मासुंदा_काठी
@अडखळ, हे लिहिल्याबद्दल आभार. टेबलावर कोरा कागद, पेन आणि ठाणे-वसई-मुंबईचा मोकळा नकाशा ठेवायचा, हे मी आत्ताच वहीत लिहून घेतलं. नकाशावर बोट ठेवून उत्तर देणाऱ्याला बोलावं कमी लागतं आणि आपल्याला कळतं जास्त.

दिव्याची_लोकल
नकाशावरून आठवलं. माझी तोंडी मला चांगलीच लक्षात आहे, कारण तेवढ्या वीस मिनिटांत मी जे शिकलो ते तीन वर्षांत नाही. मॅडमनी विचारलं, पहिली गाडी कधी? मी छाती फुगवून, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, इंजिनं साहिब, सिंध, सुलतान. मला वाटलं झालं, २५ पैकी २५. त्या म्हणाल्या, हे स्टेशनवरच्या फलकावरही आहे. ठाण्यालाच का थांबली?

मी गप्प. त्यांनी उत्तर सांगितलं नाही. म्हणाल्या, तू रोज येतोस ना दिव्याहून, ठाण्याच्या आधी खिडकीतून काय दिसतं? म्हटलं खाडी. मग? मग खाडीवर पूल हवा. मग? मग पूल झाल्यावर पुढे. गाडी कल्याणला कधी गेली असेल? म्हटलं, वर्षभराने वगैरे. १८५४. बरोबर निघालं! पुढे विचारलं, इतका खर्च करून कंपनीला घाटावरून काय आणायचं होतं, तर तिथून कापूस, मँचेस्टर आणि बोरघाट असं गाडं धावत सुटलं.

मला १९ मिळाले. तीन इंजिनांच्या नावांचे किती धरले माहीत नाही, बहुधा शून्य.

सदाफुली
किती छान! पण हे मॅडमनी शिकवणं झालं की परीक्षा घेणं? जो मुलगा न ढकलता 'खाडी' म्हणाला असेल त्याला किती?

दिव्याची_लोकल
@सदाफुली, चांगला प्रश्न. त्याला २३, असं धरू. ढकलावं किती लागलं, त्याचीही नोंद हवी खरी.

जुना_खडू
सदाफुलींनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मी वहीत तीन खुणा करत असे. स्वतःहून बोलला तर उभी रेघ, एक इशारा लागला तर तिरकी, उत्तर तोंडात घालावं लागलं तर टिंब. संध्याकाळी गुण भरताना या खुणाच उपयोगी पडत. चाळिसावा विद्यार्थी झाल्यावर चेहरे एकमेकांत मिसळतात, आणि हुशार मुलापाठोपाठ आलेला मध्यम मुलगा हकनाक ढ वाटतो.

तिरपागडे
इशाऱ्यांवरून. ठाण्याच्या किल्ल्यातला तोंडी इशाऱ्याचा सर्वात गाजलेला प्रकार विसरलात काय मंडळी? १८१६. पेशव्यांचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे किल्ल्यात कैद. पहाऱ्यावर गोरे. खिडकीखाली एक मोतद्दार घोडा खरारा करता करता गाणी म्हणतो, आणि गाण्यातून सगळा बेत कळवतो, असं सांगतात. गोऱ्यांना मराठी कळेना, त्र्यंबकजी पसार. पर्यवेक्षकाला परीक्षेची भाषा यायला हवी, हा धडा तेव्हापासूनचा.

घोडबंदरी
हा हा हा. म्हणजे आगरी_बाणा यांचाच मुद्दा, घोड्यावरून.

पाचपाखाडी
अवांतर : त्याच किल्ल्याचं पुढे कारागृह झालं. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला तिथेच फाशी दिलं. ठाण्यातल्या किती मुलांना हे माहीत असेल? तोंडीत हे विचारा.

मासुंदा_काठी
विचारते. पण 'कुणाला, कधी' असं विचारत नाही. 'जॅक्सनचा वध नाशिकला झाला, मग फाशी ठाण्यात का' असं विचारते. वर्गात एक तरी मूल जागं होतं.

टीवाय_पीडित
नमस्कार. मी विद्यार्थी आहे. (मॅडमच्या कॉलेजचा नाही, आधीच सांगतो.) आतली गोष्ट सांगू? बाहेर कॉरिडॉरमध्ये काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे का? पहिला बाहेर आला की त्याच्याभोवती गराडा. 'काय विचारलं?' पाचवा मुलगा आत जाईपर्यंत प्रश्न ग्रुपवर. पंधराव्यापर्यंत उत्तरंसुद्धा. त्यामुळे रोल नंबर १ ते ५ चा बळी जातो आणि शेवटच्या वीस जणांना २० च्या वर. आमच्याकडे चिठ्ठ्या उचलायला लावल्या तर मला 'प्लासीची लढाई' आली आणि मित्राला 'वसाहतवादाचे आर्थिक परिणाम'. दोघांना तेवढेच गुण!

एक्सेलशीट
यावर उपाय सोपा आहे. प्रश्न आधीच जाहीर करा. वीसेक प्रश्न, महिनाभर आधी, नोटीस बोर्डावर. फुटायला काही उरतच नाही. गुण मुख्यतः उपप्रश्नांवर द्या, ते प्रत्येकाच्या उत्तरातूनच निघतात.

जुना_खडू
आणि ते वीस प्रश्न वजनाने सारखे हवेत. टीवाय_पीडित यांच्या मित्रावर अन्यायच झाला.

सदाफुली
उपप्रश्न उत्तरातून निघाले की प्रत्येकाला वेगळा प्रश्न. मग सारखेपणा कुठे राहिला?

एक्सेलशीट
@सदाफुली, प्रश्न वेगळे, जात तीच. प्रत्येकाला तीनच. 'आधी काय, नंतर काय?', 'यातलं मुख्य कारण कोणतं, आणि ते नसतं तर?', 'हे तुला कशावरून माहीत?' वरच्या मुलीला हे तीन विचारले असते तर १३-२१ झालं नसतं, असा माझा अंदाज.

आगरी_बाणा
'कशावरून माहीत' वरून एक किस्सा. बहिणीने प्रकल्पाला जानेवारी १९८४ चं आंदोलन घेतलं होतं, नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी केलेलं. सिडको, जासई, दि. बा. पाटील, साडेबारा टक्के. तिने घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं, मोबाइलवर रेकॉर्ड केलं. तोंडीत परीक्षकांनी विचारलं, हुतात्मे किती? ती म्हणाली, पाच, पण आमचे आजोबा सात म्हणतात. परीक्षक हसले, म्हणाले, म्हणजे आजोबांचं चुकलं.

ती म्हणाली, चुकलं, पण का चुकलं ते मी विचारलं. आजोबा गोळीबारानंतर पुढच्या काही वर्षांत त्या जखमांनी खंगून गेलेल्या दोघांना धरून मोजतात. त्यांच्या हिशेबात ते गोळीनेच गेले. तिने दोन्ही आकडे लिहिले होते, समितीच्या फलकावरचा वेगळा, आजोबांचा वेगळा, आणि खाली हा फरक.

परीक्षकांनी १५ दिले. शेरा काय, 'तथ्यांबाबत गोंधळ'.

बोलोन्यातून
अगं बाई. तिला खरं तर त्यावरच जास्तीत जास्त गुण मिळायला हवे होते.

जुना_खडू
हे वाचून मी जरा वेळ उठून फेरी मारून आलो. १५ अन्यायाचे आहेत. साधन तपासणं म्हणजे हेच. फक्त एक पुस्ती जोडतो. तिने त्या दोघांची नावं, मृत्यूची वर्षं आणखी कुणाकडून पडताळली होती का, हे मी विचारलं असतं. 'हो' तर २३. 'नाही' तर २०.

आगरी_बाणा
एकाचं पडताळलं होतं, त्याच्या बायकोकडून. दुसऱ्याचं कुटुंब सापडलं नाही, तसं लिहिलं होतं.

जुना_खडू
२३.

नेरुळचा_बाप
खडूसर, तुम्ही आमच्या मुलाच्या तोंडीला या हो.

वरकड
सगळं वाचलं. मीही शिकवतो, नवी मुंबईत, तासिका तत्त्वावर. थोडं जमिनीवर येऊया का? वर्गात सत्तर मुलं. माणशी पंधरा मिनिटं धरली तर साडेसतरा तास. तेवढ्यात माझ्या तासिका बुडतात आणि तोंडीचे पैसे वेगळे मिळत नाहीत. रेकॉर्डिंग, लिहून घेणारा, दोन परीक्षक, हे सगळं ऐकायला छान आहे. आमच्याकडे प्रत्यक्षात होतं ते असं, शेवटच्या दिवशी गुण पोर्टलवर चढवायचे असतात आणि वरून तोंडी सूचना असते, कुणी नापास नको, १८ च्या खाली फारसं नको. मग सगळे १८ ते २२. त्यात १३ देणारे ते सर मला तरी प्रामाणिक वाटले.

मासुंदा_काठी
@वरकड, हे मलाही वाटलं होतं, लिहिलं नाही इतकंच. १३ देण्यासाठी हिंमत लागते. आणि वेळेचं म्हणाल तर पाच पानी असाइनमेंट सत्तर मुलांच्या तपासायलाही तेवढाच वेळ जातो, तो आपण घरी, रविवारी देतो म्हणून कुणी मोजत नाही.

वरकड
तेही खरं. पण ती मी लोकलमध्ये तपासतो, तोंडी लोकलमध्ये घेता येत नाही.

तिरपागडे
ट्रान्सहार्बरला सकाळी वाशीपर्यंत तीन जणांची होईल. खिडकीवाल्याला दोन गुण जास्त.

पाचपाखाडी
मूळ प्रश्नावर येतो. त्या वेळी राघोबादादांशी इंग्रजांची बोलणी तह होण्याच्या आधीपासून चालू होती ना? मुंबईकरांना साष्टी आणि वसई हवी होती, दादा द्यायला राजी नव्हते, तेवढ्यात पोर्तुगीज येतायत अशी हूल उठली आणि इंग्रजांनी वाट न बघता ठाण्यावर चाल केली. मग त्या मुलीने 'आधी देतो बोलला' म्हणणं सपशेल चूक आहे की बोलणी आणि तह यांची गल्लत आहे? मला दुसरं वाटतं.

जुना_खडू
@पाचपाखाडी, बोलणी आधीपासून होती हे बरोबर. पण 'देतो' असं दादा तेव्हा म्हणाले नव्हते, तीच तर अडचण होती. तरी तुमच्या मुद्द्याने एक गुण वाढवतो. १५.

घोडबंदरी
सर, लिलाव चाललाय का? पंधरा एक वार, पंधरा दोन वार...

मासुंदा_काठी
काल सहकारी सरांशी बोलले. त्यांना हा धागा वाचायला दिला होता. (सर, नाव घेतलेलं नाही, बघा.) उच्चारांमुळे कापले नाहीत असं ते ठामपणे म्हणतात, मला ते पटतं. त्यांनी मला उलट विचारलं, ती मुलगी तुमच्या वर्गातली, तिने वर्षभर काय काय वाचलंय ते तुम्हाला माहीत, तिच्या अर्ध्या वाक्याचं पुढचं अर्धं तुम्ही मनात पुरं केलंत का? त्यावर मी अजून विचार करतेय.

ठरलं ते असं. ज्यांच्या गुणांत पाचापेक्षा जास्त फरक आहे त्या सगळ्यांना परत बोलवायचं, एकट्या तिला नाही. अशी मुलं मोजकीच आहेत. विभागातल्या तिसऱ्या मॅडम विचारतील, आम्ही दोघं मागे बसून फक्त टिपून घेऊ. प्रश्न तोच, उपप्रश्न एक्सेलशीट यांचे तीन, टेबलावर नकाशा. दहा गुण क्रम आणि तथ्यांना, दहा कारणांना, पाच पुराव्याला. बोलण्याच्या ढंगाला शून्य. प्राचार्यांनी परवानगी दिली, रेकॉर्डिंगला मात्र नाही.

सदाफुली
रेकॉर्डिंगला का नाही?

मासुंदा_काठी
'उद्या कुणी आरटीआय टाकला तर?'

नेरुळचा_बाप
टाकणारच होतो.

आगरी_बाणा
पुराव्याला पाचच? 'कशावरून' साठी आठ हवेत. क्रम-तथ्यांचे सात करा.

जुना_खडू
क्रमाला हात लावायचा नाही.

टीवाय_पीडित
मॅडम, एक विनंती. त्या मुलांना परत का बोलावलंय ते आधी सांगा. आमच्याकडे परत बोलावलं की सगळ्यांना वाटतं कॉपीत सापडले.

मासुंदा_काठी
@टीवाय_पीडित, सांगते. नोटिशीतही तसं लिहिते.

उशिरा_आलो
आत्ताच बघितला धागा, वरचे सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. एमएच्या तोंडीला सालबाईचा तह विचारतात का हो? परवा आहे.

तिरपागडे
विचारतात. आणि त्या आधी काय झालं तेही विचारतात. वर जाऊन वाच बाबा.